डॉक्टरीणबाईंना कॉमिकमधून बाहेर काढा

पत्र : मी शहादा तालुक्यातल्या एका उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आहे. जवळच्या आश्रमशाळेत सातवी ते दहावीच्या मुलामुलींना दर सोमवारी लोहाच्या निळ्या गोळ्या द्यायला जाते. बऱ्याच मुली गोळी घेतल्यासारखं करतात आणि खिडकीतून फेकतात. समजावून थकले, म्हणून पदरचे पैसे घालून बारा पानांचं रंगीत कॉमिक छापून घेतलं. रक्तक्षय, मासिक पाळी, सिकलसेल, हात धुणं, तंबाखू, बालविवाह, सगळं त्यात बसवलं. मुलांनी पुस्तक चाळलं, चित्रातल्या डॉक्टर मॅडमना मिशा काढल्या आणि गादीखाली ठेवून दिलं. खिडकीमागे गोळ्या तशाच पडतात. अधीक्षक म्हणतात, हा पोरखेळ आहे, आणि पाळीचं पान फाडल्याशिवाय पुढच्या प्रती वाटू नका. मुलं घरी पावरी किंवा भिली बोलतात, काही अहिराणी. मला चित्रं काढता येत नाहीत. भाचा म्हणतो, आता एआयकडून काढून घेऊ. कॉमिकचा नाद सोडू का? सोबत एक प्रत पाठवते आहे. – एक ताई, शहादा तालुका

ताई, नमस्कार.

नाद सोडू नका. तुमची प्रत मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. मेहनत दिसते, माहितीतही चूक नाही. पण दुसऱ्या पानावर ती मुलगी वर्गात चक्कर येऊन पडते आणि त्यानंतर शेवटपर्यंत तिला कोणी काही विचारतच नाही. तिसऱ्या पानावर डॉक्टर मॅडम येतात आणि बाराव्या पानापर्यंत बोलत राहतात. हिमोग्लोबिन म्हणजे काय, पालेभाजी का खावी, हात कसे धुवावेत. बाकी सगळे ऐकतात, माना डोलावतात आणि शेवटी हात वर करून घोषणा देतात. सोमवारी तुम्ही वर्गात जे बोलता तेच इथे बोलण्याच्या फुग्यांमध्ये कापून ठेवलेलं आहे. मुलांनी ते ओळखलं. अख्ख्या पुस्तकात स्वतः काही करायला त्यांना एकच जागा मिळाली, मॅडमचा वरचा ओठ. त्या मिशांचं वाईट वाटून घेऊ नका. पोरांच्या हाताला चित्र काढायची ओढ आहे, एवढं त्यातून कळलं, आणि आपल्याला तेच हवं आहे.

कॉमिकची ताकद रंगात नाही, गोड चेहऱ्यांत तर नाहीच. ती दोन चौकटींमधल्या मोकळ्या पट्टीत असते. पहिल्या चौकटीत मुलीच्या तळहातावर निळी गोळी आहे. दुसऱ्या चौकटीत तोच तळहात रिकामा आहे. मध्ये काय झालं ते चित्रकाराने काढलेलं नाही, ते वाचणारीच्या मनात घडतं. तुमच्या आश्रमशाळेतल्या मुलीला तर ते नेमकं ठाऊक आहे. तिथे ती गोष्टीत शिरते. भाषणात अशी जागा नसते, कारण भाषण सगळं सांगून टाकतं. म्हणून जिथे तुमचा हात समजावायला शिवशिवतो, तिथे चौकट संपवायची.

युनिसेफने नव्वदच्या दशकात दक्षिण आशियातल्या मुलामुलींसाठी मीना नावाची मुलगी उभी केली. तिचे कार्टूनपट आले, गोष्टींची पुस्तकंही आली. एका गोष्टीत आंबा वाटताना भाऊ राजूला मोठा वाटा मिळतो. मग एक दिवस दोघं आपापली कामं बदलतात. मीनाची कामं करता करता राजू थकतो आणि जेवायला बसल्यावर मीनाचा वाटा त्याच्या पुढ्यात येतो. मुलगा-मुलगी समान आहेत असं तिथे कोणी येऊन सांगत नाही. भुकेल्या राजूकडे बघणाऱ्या मुलाला स्वतःच्या घरातलं ताट आठवतं. दुसऱ्या एका गोष्टीत मीनाला शाळेत पाठवत नाहीत, म्हणून तिचा पोपट मिठू शाळेच्या खिडकीशी बसून आकडे शिकून येतो. त्या आकड्यांवर ती घरच्या कोंबड्या मोजते, एक कमी भरते आणि चोर सापडतो. शिक्षणाचा उपयोग बापाला कोंबडीच्या हिशोबात कळतो. आरोग्याची गोष्ट अशी रचता आली पाहिजे.

आता तुमच्या गोळीकडे येऊ. गोळी का फेकली जाते, हे तुम्हाला माहीत आहे का? पत्रात ते कुठेच नाही. मला वाटतं, कॉमिक फसलं ते इथेच, चित्रांच्या आधी. मुलींना मळमळतं म्हणून असेल. शौचाला काळी होते, त्याची भीती असेल. ही गोळी भलत्याच कारणासाठी देतात अशी कुजबुज वसतिगृहात असेल. किंवा गोळी सकाळी प्रार्थनेच्या रांगेत, उपाशीपोटी दिली जात असेल, आणि मग मळमळ हे अगदी खरं कारण झालं. तसं असेल तर जगातलं सर्वांत सुंदर कॉमिकही ती गोळी पोटात घालू शकणार नाही. गोळीची वेळ बदलून जेवणानंतर न्यावी लागेल. हे काम तुमचं आणि मुख्याध्यापकांचं आहे, मुलींच्या डोक्यात भरवायचं नाही. आरोग्यशिक्षणातली ही गोष्ट मला फार खटकते. व्यवस्थेतली चूक झाकून आपण पोरांच्या सवयींवर बोट ठेवतो.

म्हणून पुढचं कॉमिक तुम्ही काढू नका, छापूही नका. मुलींनाच काढू द्या. गोळी फेकणारीला कारण माहीत आहे, तुम्हाला नाही.

आपल्याकडे याची चांगली वहिवाट आहे. शरद शर्मा आणि त्यांच्या वर्ल्ड कॉमिक्स इंडिया या संस्थेने देशभर खेड्यापाड्यांत ग्रासरूट्स कॉमिक्स नावाने हे काम रुजवलं. चित्रकार नसलेली माणसं आपल्याच प्रश्नावर चार चौकटींची गोष्ट काढतात. ए-फोर आकाराचे दोन कागद जोडले की एक भित्तिपत्र होतं. काळ्या पेनाने काढायचं, झेरॉक्स मारायच्या, शाळेच्या, पंचायतीच्या, दुकानाच्या भिंतीवर चिकटवायचं. छापखाना लागत नाही. तुमच्या रंगीत पुस्तकाच्या खर्चात अशी भित्तिपत्रं दोन वर्षं काढता येतील.

छापील नसलं तर मुलं किंमत देतील का, अशी शंका मनात आणू नका. अमळनेरला प्रताप हायस्कूलच्या वसतिगृहात साने गुरुजी मुलांसाठी हाताने लिहिलेलं ‘छात्रालय’ दैनिक काढत. तुमच्या शाळेपासून अमळनेर काही फार लांब नाही. वसतिगृहातल्या पोरांना आपल्या रोजच्या जगण्याबद्दल कोणी लिहिलेलं हवं असतं. ते कोणत्या कागदावर आहे याची त्यांना पर्वा नसते.

पहिली बैठक शनिवारी दुपारी घ्या. मुली निवडताना चित्रकलेत पहिल्या येणाऱ्याच घेऊ नका. गप्प बसणाऱ्या, गोळी फेकताना सापडलेल्या, अशाही घ्या. सुरुवातीला आरोग्याचा विषयच काढू नका. “सोमवारी सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय होतं ते सांगा” एवढंच म्हणा आणि ऐकत राहा. गोळीचा उल्लेख आपोआप येईल. तो आला की तिथे थांबून विचारा, मग काय झालं? तुम्हाला राग येईल, हसू येईल, दोन्ही आवरा. फेकल्याबद्दल एका जरी मुलीने त्या दिवशी बोलणी खाल्ली तर पुढच्या शनिवारी तुम्हाला फक्त पालेभाज्यांची चित्रं मिळतील.

मग चार चौकटी. समजा गोष्ट अशी निघाली : पहिल्या चौकटीत गोळ्यांची रांग, एका मुलीच्या मुठीत गोळी. दुसऱ्या चौकटीत ती खिडकीशी, आणि शेजारच्या खिडकीतूनही एक हात बाहेर आलेला. तिसऱ्या चौकटीत रात्री दोघी आपापल्या गादीवर. एक म्हणते, “तू पण?” दुसरी म्हणते, “माले चक्कर येस, तरी बी फेकस.” चौथ्या चौकटीत पुढचा सोमवार, तीच रांग, तीच मूठ, मैत्रीण वळून तिच्याकडे बघते आहे, आणि मैत्रिणीच्या तोंडाशी बोलण्याचा फुगा आहे तो कोरा. तो कोराच झेरॉक्स करा. प्रत्येकीला एक प्रत द्या आणि फुगा भरायला सांगा. कोणी लिहील ‘खा, नाहीतर मी सांगेन’. कोणी लिहील ‘माझ्याजवळ लिंबू आहे’. कोणी लिहील ‘ताईला विचारू या, काळी का होते’. हे फुगे म्हणजे तुमच्या पुढच्या महिन्याचा अभ्यासक्रम.

आणि इथे तुम्ही बोला. गोळी जेवणानंतर घ्यायची, उपाशीपोटी नाही. लगेच चहा प्यायचा नाही, तासभर थांबायचं, कारण चहामुळे लोह अंगी लागत नाही. लिंबू, आवळा, पेरू यांनी मदत होते. शौचाला काळी होते ती न शोषलेल्या लोहामुळे, त्याने अपाय नाही. फारच त्रास झाला तर फेकू नका, मला सांगा. चार-पाच वाक्यांची ही माहिती. ती तुम्ही बारा पानं सांगत होतात तेव्हा कोणी विचारलेली नव्हती. आता ती त्यांच्याच प्रश्नाचं उत्तर आहे. डॉक्टरीणबाई कॉमिकमधून बाहेर आल्या आणि वर्गात बसल्या, इतकाच बदल.

हाताच्या कामातल्या काही गोष्टी सांगते, कारण उत्साहाने सुरू केलेलं काम यांवरच अडतं. मुली आधी फुगा काढतात आणि मग त्यात अक्षरं कोंबतात. उलटं करायला शिकवा : आधी शब्द लिहायचे, मग त्यांच्याभोवती फुगा, मग उरलेल्या जागेत माणसं. जी आधी बोलते ती डावीकडे उभी हवी, नाहीतर उत्तर आधी वाचलं जातं आणि प्रश्न नंतर. एका चौकटीत पंधरा-वीस शब्दांच्या वर गेलात की भाषण परत आलंच. चेहरे सारखे काढता येत नसतील तर एकीला दोन वेण्या, दुसरीला कपाळावर मोठं गोंदण, अशी एकेक खूण ठरवून ती चारही चौकटींत ठेवायची. काड्यांची माणसंसुद्धा चालतात, फक्त हात नीट काढायचे, कारण गोष्ट बहुधा हातात घडते. पेन्सिल आणि फिके रंग झेरॉक्समध्ये पुसट येतात, म्हणून शेवटी काळ्या पेनाने गिरवायचं. गोळी तेवढी प्रत्येक प्रतीवर निळ्या पेनाने रंगवू द्या. लहान वर्गातल्या मुलीही त्यासाठी मागे लागतील.

भिंतीवर लावण्याआधी ते दुसऱ्या शाळेतल्या, ही गोष्ट माहीत नसलेल्या मुलांना दाखवा. “कळलं का?” असं विचारलंत तर सगळे हो म्हणतील. “या चित्रात काय चाललंय?” असं विचारा आणि बोट ठेवून सांगू द्या. चित्र वाचायची सवय नसलेला मुलगा कधी चौकटी वरून खाली वाचतो, कधी कमरेपर्यंतच काढलेलं माणूस बघून पाय कुठे गेले म्हणतो. तो चुकत नसतो. चित्रात बदल हवा असतो.

भाचा मदतीला तयार आहे, त्याचं कौतुक. पण एआयकडून चित्रं घेऊ नका. त्या चित्रांतलं गाव कुठलंच नसतं. घराची कुडाची भिंत, पाड्यावरचा उतार, पावरा बाईच्या अंगावरचे दागिने, आश्रमशाळेतल्या लोखंडी पेट्यांची रांग, हे तुमच्या मुलींना डोळे मिटून काढता येतं. मुख्य म्हणजे चित्र काढताना मुलगी त्या प्रसंगाशी जितका वेळ बसते, तितका वेळ तिला दुसरं कोणतंच माध्यम बसवत नाही. भाच्याला झेरॉक्सच्या कामाला लावा.

भाषेचं तर फार सोपं आहे. फुग्यातलं बोलणं मुलींच्या घरच्या बोलीत असू द्या, पावरीत, भिलीत, अहिराणीत, ज्या मुलीचं जे असेल ते, देवनागरीत त्यांना जमेल तसं. शुद्धलेखन तपासू नका. चौकटीखाली एखादी ओळ मराठीत असली की परक्यालाही कळतं. तुमच्या छापील पुस्तकातली आजी ‘रक्तक्षयाचे दुष्परिणाम’ असं बोलते. आपल्या खान्देशातली कोणती आजी असं बोलेल? मुलांनी पुस्तक मिटलं असेल ते कदाचित तिथेच.

आता सिकलसेल, म्हणजे आई-बापाकडून येणारा, रक्तपेशी विळ्यासारख्या वाकवणारा आजार. हा विषय तुम्ही एका पानात उरकला आहे आणि त्या पानाची मला खरोखर काळजी वाटते. सातपुड्यात तो एका पानाचा विषय नाही. १ जुलै २०२३ ला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं, ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत आजार हटवणं असं त्याचं उद्दिष्ट आहे. म्हणजे तुमच्या शाळेतल्या मुलांच्या हातात तपासणीचे निकाल येणार किंवा आलेही असतील, आणि ते वाचायचे कसे हे त्यांना चित्राने शिकवता येईल. पण तुमच्या पुस्तकातलं चित्र चुकीचं शिकवतं. आई-बाप दोघंही वाहक (दोष एकाच बाजूने आलेला, स्वतः आजारी नसलेले) दाखवले आहेत, खाली चार मुलं : एक निरोगी, दोन वाहक, एक आजारी. गणित बरोबर आहे. पण बघणाऱ्याला काय वाटतं? चार मुलं झाली की एकाला होणार. एकाला झालाच आहे तर आता बाकीची तीन सुटली. हा गैरसमज जिवावर बेततो. चारात एक ही शक्यता प्रत्येक गरोदरपणात नव्याने असते, आधीच्या मुलांचा तिच्याशी काही संबंध नसतो.

त्यापेक्षा वर्गात दोन वाट्या मांडा, एक आईची, एक बापाची. प्रत्येकीत दोन चिठ्ठ्या, एक साधी, एक विळ्याचं चित्र काढलेली. बाळ म्हणजे दोन्ही वाट्यांतून एकेक चिठ्ठी. उचलली, बघितली, लिहून ठेवली, आणि चिठ्ठ्या परत वाटीत. पुढचं बाळ, पुन्हा तसंच. मुलांना स्वतः उचलू द्या. एखाद्या गटात लागोपाठ दोन बाळांना विळा-विळा येईल, एखाद्यात एकालाही येणार नाही, आणि चित्रात न सांगता येणारी गोष्ट हाताला कळेल. मग त्या खेळाचं कॉमिक करा : नवरा-बायको, वाट्या, ‘आता आपल्याला भीती नाही ना?’ असं विचारणारा बाप, आणि चिठ्ठ्या परत वाटीत टाकणारा बाईचा हात.

वाहक म्हणजे आजारी नव्हे, हे दुसरं कॉमिक. लग्नाच्या बोलणीत वाहक मुलीला नकार आणि वाहक मुलाची चौकशीसुद्धा नाही, असं घडत असेल तर पोरी ते बरोबर चितारतील. आजार असलेल्या मुलाला थंडीत, तापात, पाणी कमी पडल्यावर किंवा फार पळवल्यावर हाडं-सांधे असह्य दुखतात. वर्गात त्याला ‘आळशी’ म्हणतात, मैदानाला फेऱ्या मारायला लावतात. तिसरं कॉमिक त्याचं, आणि ते शिक्षकांच्या खोलीत लावायचं. तिन्ही वेगवेगळी करा. एका कॉमिकमध्ये एकच गाठ सोडवायची.

लोहाच्या गोळीचं आणि सिकलसेलचं कॉमिक एकत्र करू नका, याला वैद्यकीय कारणही आहे, आणि ते तुम्हाला माहीत आहेच. सिकलसेलच्या रुग्णाला, विशेषतः वरचेवर रक्त द्यावं लागणाऱ्याला, लोहाची गोळी द्यायची की नाही हे डॉक्टरांनी ठरवायचं असतं. ‘सगळ्यांनी गोळी खा’ अशी घोषणा लिहिलेल्या भिंतीखाली असा एखादा मुलगा उभा असू शकतो.

अधीक्षकांशी भांडू नका, पण पानही फाडू नका. मासिक पाळीचा भाग दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या पुस्तकात छापलेला आहे, तोच धडा त्याच शाळेत शिकवला जातो. केंद्र सरकारचा राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम ७ जानेवारी २०१४ पासून १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी आहे आणि पाळीतली स्वच्छता त्यात येते. तुमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांचं पत्र घ्या, आदिवासी विकास विभागाच्या प्रकल्प कार्यालयाला प्रत द्या आणि सगळ्यांत आधी स्त्री अधीक्षिकांना सोबत घ्या. मुली रात्री-बेरात्री दार ठोठावतात ते त्यांचं. कच्चं चित्र आधी त्यांना दाखवलं तर निम्मी अडचण तिथेच सुटते. देशात याची उदाहरणंही आहेत. अदिती गुप्ता आणि तुहिन पॉल या अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतून शिकलेल्या दोघांनी मेन्स्ट्रुपीडिया नावाचं पाळीवरचं कॉमिक केलं, आणि ते अनेक भारतीय भाषांमध्ये शाळांपर्यंत गेलं आहे. त्याची प्रत अधीक्षकांच्या टेबलावर ठेवा.

‘पोरखेळ’ या शब्दाला मात्र माझं उत्तर आहे. जळगावहून साठेक किलोमीटरवर अजिंठा आहे. अधीक्षकांनी शाळेची सहल तिथे नेली असेल. सतराव्या लेण्यात विश्वंतर जातक, म्हणजे सगळं दान करणाऱ्या राजपुत्राची बौद्ध कथा, भिंतीवर आहे. तोच राजपुत्र एकाच भिंतीवर पुन्हा पुन्हा दिसतो, इथे दान देताना, तिथे घर सोडताना. दीड हजार वर्षांपूर्वी ज्यांना माणसाला करुणा शिकवायची होती त्यांनी चित्रांची ओळ निवडली. त्या भिंतीपुढे कोणी पोरखेळ म्हणत नाही.

मुलांना वगळू नका. तुमच्या पुस्तकात रक्तक्षय फक्त मुलींना झालेला आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९.१ टक्के मुली आणि ३१.१ टक्के मुलगे रक्तक्षयी आढळले. जवळजवळ तीनातला एक मुलगा. पाळीवरची भित्तिपत्रं मुलींच्या वसतिगृहात आधी लावा, मुलींना योग्य वाटलं की मग वर्गात. ती परवानगी मुलींची. पण गोळीचं, तंबाखूचं, सिकलसेलचं कॉमिक मुलांच्या गटालाही काढू द्या. पुडी पहिल्यांदा कोणी हातावर ठेवली, हे मुलांइतकं खरं कोणी काढणार नाही. एक सूचना : तंबाखूच्या कॉमिकमध्ये सडलेला जबडा पहिल्या चौकटीत आणू नका. पोरं किळस येऊन नजर फिरवतात आणि गोष्ट तिथेच संपते.

शेवटचा मुद्दा मी मुद्दाम मागे ठेवला, कारण तो घाईने वाचून चालणार नाही. मुलांच्या हातात कागद दिला की गोळीपेक्षा मोठं काही त्यावर येऊ शकतं. एखादी मुलगी लग्न ठरल्याचं काढेल. एखादी नको असलेल्या स्पर्शाचं काढेल, आणि चित्रातला माणूस ओळखू येईल. ते चित्र भिंतीवर जाणार नाही, गटात दाखवलं जाणार नाही, मोबाईलवर त्याचा फोटो काढून कोणाला पाठवला जाणार नाही. त्या मुलीला बाजूला घेऊन शांतपणे ऐकायचं, ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन द्यायचं नाही, कारण ते पाळता येणार नाही. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यावर पोलिसांना कळवणं २०१२ च्या पॉक्सो कायद्याने तुमच्यावर, माझ्यावर, प्रत्येकावर बंधनकारक आहे. बालविवाहासाठी आणि मुलांवरच्या कोणत्याही संकटासाठी १०९८ हा क्रमांक आहे. मन फार खचलेलं दिसलं तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६. हे दोन्ही क्रमांक पहिल्या शनिवारच्या आधी तुमच्या वहीत आणि अधीक्षिकांच्या वहीत असू द्या. कोणाकडे जायचं, तुमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांपैकी कोण सोबत येईल, हे आधी ठरवा. तेवढी तयारी नसेल तर बैठक एक आठवडा पुढे ढकला, पण तयारीशिवाय सुरू करू नका.

याच कारणासाठी कोणत्याही भित्तिपत्रात शाळेतल्या मुलीचं खरं नाव, तिच्या पाड्याचं नाव, ओळखू येईल अशी खूण नको. दोनशे मुलींच्या वसतिगृहात ‘एक मुलगी’ म्हटलं तरी सगळ्यांना कळतं. दोन-तीन जणींच्या गोष्टी मिसळून एक करायला शिकवा.

काम होळीच्या आधी दीड-दोन महिने सुरू केलंत तर बरं. होळीआधीच्या भोंगऱ्या या आदिवासी बाजाराच्या आठवड्यात पोरं घरी जातात, तेव्हा प्रत्येकाच्या दप्तरात एकेक झेरॉक्स द्या. आई-बापाला वाचता येत नसेल तर पोरगं चित्रावर बोट ठेवून वाचून दाखवेल. परत आल्यावर विचारा, घरी कोण काय म्हणालं. ते लिहून ठेवा आणि कोऱ्या फुग्यांच्या काही प्रती मलाही पाठवा, नावं झाकून.